वांगणीची सोंगटी

काळू, मला इंग्रजी येत नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला नाही, आणि तुलाही नाही. पोशीरच्या शाळेत इतकी वर्षं मास्तरकी केली ती व्हर्नाक्युलर फायनलच्या जोरावर, आणि त्या परीक्षेत इंग्रजीचं नावसुद्धा नसतं. मला एबीसीडी येते. वारांची नावं येतात, कारण ती कॅलेंडरवर असतात. रघू सुताराच्या मेव्हण्याची तार आली होती, आठवतं? मी चष्मा पुसला, तार दोनदा वाचली आणि जड आवाजात सांगितलं, "शुक्रवारी येतोय." त्या तारेतला मला तेवढा एकच शब्द कळला होता. मेव्हणा शुक्रवारी आला, आणि त्या दिवसापासून मास्तरांचं इंग्रजी फाडफाड आहे असं गावानं ठरवून टाकलं. मी नाही म्हणालो नाही. गप्प बसणं हा माझा स्वभावच. त्या वेळी तो फार सोयीचा पडला.

तू म्हणशील, येशा, मी गेल्यावर हे सांगून काय उपयोग? थांब जरा. हे नुसतं तोंड उघडलंय. याच्या पोटात दुसरी गोष्ट आहे, ती याहून वाईट आहे, आणि ती तुझ्या त्या एका डावाबद्दल आहे.

पण आधी मला तुझी पेटी आठवू दे. लढाईवरून परत येताना बाकीच्या गावांतले गडी बूट घेऊन आले, कांबळी घेऊन आले, कशेळ्याच्या एकानं तर बिनकाट्यांचं घड्याळ आणलं. तू आणलीस एक लाकडी पेटी. पडवीत सगळ्यांसमोर उघडलीस आणि घोंगडीवर पालथी केलीस. एकशे छत्तीस सोंगट्या, तोंड हाडाचं, पाठ बांबूची, खडखड करत पसरल्या. जनावहिनी दारामागून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगो बाय, कुनाचे दात आनलेत ह्ये?"

तू इतका हसलास की तुझं ते पलटणीतलं ताठ बसणं तिथंच मोडलं आणि आमचा जुना काळू परत आला. मला तू परत आल्याचं स्टेशनवर कळलं नव्हतं. ते त्या हसण्यानं कळलं.

पेटी तुला दिली होती तुमच्या छावणीतल्या न्हाव्यानं. लढाई संपल्यावर तुमची पलटण जपानात पहाऱ्याला ठेवली होती, तिथला हा म्हातारा. नाव सातो. गावानं आठ दिवसांत त्याचा सातोबा केला, जसा काही तो आपल्याच शिवेवरचा देव. तू त्याला तुझा गरम कोट दिलास आणि त्यानं तुला माजान हा सोंगट्यांचा खेळ शिकवला, आणि निघताना पेटीच हातात ठेवली. एका अटीवर. ती अट पुढं येईल.

चार माणसं लागतात म्हणाल्यावर चौथं माणूस मिळेना. तू, मी, रघू, झाले तीन. गावातले दोघे येऊन बसले आणि चिनी अक्षरं बघून उठून गेले. मग तू वहिनींना हाक मारलीस. त्या पदर ओढून, अर्ध्या पाठमोऱ्या बसल्या, म्हणाल्या, "मी आपली बसती, खेळत नाय." पहिल्या रविवारी त्यांनी आपल्या तिघांना धुऊन काढलं. दुसऱ्या रविवारी त्या सरळ तोंड करून बसल्या.

गोठ्याचं मोडकं दार, खाली चार पाट, वर घोंगडी, हा आपला मेज. दुपारची जेवणं झाली की रविवारचे चार तास. प्रत्येक प्रकारच्या चार-चार सोंगट्या, आणि त्यांना नावं तू ठेवलीस. गोल गोल ठिपक्यांच्या त्या भाकऱ्या. बांबूच्या त्या काठ्या, त्यातल्या एक नंबरवर पक्षी असतो म्हणून तो कोंबडा. चिनी आकड्यांची ती अक्षरं. लाल ती कुंकू, हिरवी ती हिरवी, आणि जिच्यावर काहीच नाही ती कोरी. उरले चार वारे. जपानात त्यांना चार दिशांची नावं आहेत म्हणालास, पण आपल्या पडवीत बसून कोण दिशा बघणार? उगवतीला भीमाशंकर, मावळतीला माथेरान, खाली खोपोली आणि वर वांगणी. "भीमाशंकर टाकला!" "माथेरान घेतला!" रस्त्यानं जाणारा माणूस दचकून थांबायचा.

सोंगट्या पालथ्या रचून भिंत करायची, पाळीपाळीनं तिच्यातली एक ओढायची आणि हातातली एक टाकायची. तीन-तीनचे, म्हणजे सारख्या किंवा ओळीतल्या तीन सोंगट्यांचे, चार जथे आणि एक जोडी जमली की डाव जिंकला. पण नुसतं जिंकणं आणि मोठं जिंकणं यांत फरक होता, आणि तो फरक मोजायचं काम माझं. मी पाटी घेऊन बसायचो. साधी जुळणी, चार चिंचोके. तीन कुंकवं जमली, दुप्पट. सगळ्या नुसत्या काठ्या किंवा नुसत्या भाकऱ्या, दुपटीवर दुप्पट. माझी जुळणी नेहमी चारचीच. मिळेल ते उचलायचं, लवकर संपवायचं. तू म्हणायचास, "येशा, तुजा डाव म्हंजे वरणभात. पोट भरतं, पन काय जेवलो त्ये सांगायला कायच नाय."

आणि तुझा? तू पंचपक्वान्नांच्या आशेवर उपाशी उठायचास. हातात आलेला डाव मोडून मोठ्याच्या मागं लागायचास. रघू म्हणायचा, "काळूदादा, अरं घे की जिकून." तू म्हणायचास, "त्यात काय मजा हाय रं?" वहिनी मधल्या मध्ये कधी आठ, कधी सोळा चिंचोके गोळा करून डबा भरायच्या आणि आपण भांडत राहायचो.

आपलं ते एक भांडण तर तू अर्धंच ठेवून गेलास. जी सोंगटी आपण एकदा टाकली, ती नंतर दुसऱ्या कुणी टाकली तर तिच्यावर आपल्याला जिंकता येत नाही, हा सातोबाचा नियम. मला तो कधी पटला नाही. मी म्हणायचो, माणूस चुकतो. चूक सुधारायला वाव नको? शाळेत आम्ही खोडरबर देतो.

"वाव हाय की," तू म्हणायचास. "तीच सोंगटी भिंतीतनं सोताच्या हातानं वडलीस तर जिकलास. पन आपुन फेकायचं आनि दुसऱ्यानं दिलं की उचलायचं, ह्ये नाय चालायचं."

"हा अन्याय आहे."

"मंग सातोबाला लिव. तूच मास्तर हायस."

लिही म्हटलं की मी घाईनं पाटी पुसायला घ्यायचो, काळू. तू हसून बोलायचास आणि माझं लक्ष पुढच्या सोंगटीवरून उडायचं.

कारण ती अट. सातोबानं तुला सांगितलं होतं की या खेळात एक जुळणी आहे जिच्यात जथाही नाही, जोडी सोडली तर काहीच जुळत नाही. एकची भाकरी, नऊच्या भाकऱ्या, कोंबडा, नऊच्या काठ्या, पहिलं अक्षर, नववं अक्षर, चार वारे, कुंकू, हिरवी, कोरी. कुणालाच नको असलेल्या, सगळे पहिल्या पाळीला फेकतात त्या कडेच्या तेरा, एकेक करून जमवायच्या आणि त्यांतल्या एकीची जोडी करायची. नाव कोकुशी. तू म्हणायचास 'तेरा घरचे तेरा'. तिचं मोल म्हणजे डब्यातले सगळे चिंचोके. पाटीवर मांडायचं कामच नाही. सातोबा जन्मभर खेळला आणि त्याला ती कधी लागली नव्हती. त्यानं पेटी देताना सांगितलं, माझ्या सोंगट्यांवर तुला ही लागली तर मला पत्र टाक, म्हणजे मी सुखानं म्हातारा होईन. लागली नाही तर नको टाकूस.

तू हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा रघू उसळून म्हणाला, "मंग काय! आपलं मास्तर इंग्रजीत फाडफाड लिवतील!"

तू माझ्याकडं बघून म्हणालास, "पत्र येशानंच करायचं. दुसऱ्या कुनाचं काम नाय त्ये."

मी मान डोलावली. त्या दिवसापासून मी देवाला रोज एकच मागणं मागत होतो, की काळूला कोकुशी लागू नये.

आता बैलाचं सांगतो, म्हणजे लाकडी सोंगटीचं कळेल. भात झोडायच्या दिवसांत आपण खळ्यावरच डाव मांडला होता. उठताना एक वांगणी कमी. पेंढा उपसला, झटकला, काही नाही. तुझा ढवळ्या शांतपणे रवंथ करत उभा. वहिनी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "ह्यानंच खाल्ली." त्यांनी चार दिवस काठीनं शेण चिवडलं. रघू रोज येऊन विचारायचा, "आली का वांगणी?" आली नाही. अजून ढवळ्याच्या पोटात असेल तर माहीत नाही.

मग रघूनं सागाची सोंगटी केली आणि वांगणीचं अक्षर काढायचं मला सांगितलंत. शाळेत नकाशे काढून काढून माझा हात बसलेला. दुसरी वांगणी समोर ठेवली आणि काढलं. ते अक्षर म्हणजे दोन माणसं पाठीला पाठ लावून बसल्यासारखं दिसतं. तू ती उन्हाकडं धरलीस, दोन्ही जवळ जवळ ठेवल्यास, म्हणालास, "सातोबाला सुदिक वळखू येनार नाय. तुजा हात लय गोड हाय रं." मला ती स्तुती फार आवडली होती. मी ती नीट ऐकली असती तर पुढचं झालंच नसतं.

तोंड हुबेहूब, पण पाठ सागाची. बांबूच्या पिवळ्या पाठींत ती एक काळसर. भिंतीत कुठं आहे ते उघड दिसायचं. तेव्हा तू नियम केलास की पाठीकडं कुणी बघायचं नाही. चार समजदार माणसं, काळसर सोंगटी डोळ्यांसमोर आणि सगळे माथेरानच्या डोंगराकडं बघतायत! रघूनं तर एकदा मान इतकी वळवली की तीन दिवस तेल चोळत होता.

गेल्या वर्षीचा तो रविवार. तुला सुरुवातीपासून चांगल्या सोंगट्या येत होत्या आणि तू त्या फेकत होतास. चारच्या भाकऱ्या, सहाच्या काठ्या, पाचवं अक्षर. मधलं सगळं बाहेर. कडेची एक नाही. तीन वांगण्या आधीच पडलेल्या, एक रघूची, एक वहिनींची, एक माझी, मी तर पहिल्याच पाळीला टाकली होती. मग तुझ्या पायाचा अंगठा हलायला लागला. तुझा डाव एका सोंगटीवर आला की तो अंगठा हलतो हे मला, वहिनींना आणि बहुतेक ढवळ्यालाही ठाऊक होतं. अशा वेळी 'रीच' म्हणून सगळ्यांना बजावता येतं, ते तू म्हणाला नाहीस. तू नुसता एकाच जागी बघत होतास.

भिंतीत. चौथी सोंगटी. सागाची.

नियम तूच केला होतास आणि तूच मोडत होतास, लबाडा. जिलबीच्या परातीकडं पोर बघतं तसा. तुझी नजर धरून मीही बघितलं, आणि मोजलं. तू नुकतीच पाचची काठी टाकली होतीस. आता वहिनी ओढणार, मग रघू, मग मी, आणि चौथी तू. सागाची वांगणी आपल्या पायानं तुझ्या हातात चालत येणार होती. कोकुशी. पोशीरच्या पडवीत. उद्या सकाळी कागद आणि दौत माझ्यापुढं.

माझ्याकडं पाचच्या दोन काठ्या होत्या, चार आणि सहा यांच्यामध्ये छान बसलेल्या. माझी साधी चारची जुळणी पुढच्या पाळीत होणार होती. मी ती मोडली. "घेतली," म्हणालो, तुझी काठी उचलली, तीन पाच खाली मांडल्या. कुणी टाकलेली सोंगटी अशी मधेच उचलली की मधल्या माणसांच्या पाळ्या जातात. वहिनी आणि रघू राहिले, माझ्या पाठोपाठ लगेच तू, आणि भिंतीतली प्रत्येक सोंगटी एकेक घर सरकली. तू ओढलीस पहिली, वहिनींनी दुसरी, रघूनं तिसरी. चौथी मी.

"मास्तरांच्या नशिबी गेली की वांगणी!" रघू म्हणाला आणि जीभ चावली, कारण पाठीकडं बघायचं नव्हतं.

ते नशीब नव्हतं, काळू. एवढंच मला सांगायचं होतं. ते मी मोजून केलं होतं.

मग ती मी शेवटपर्यंत धरून बसलो. तू प्रत्येक पाळीला माझ्या हाताकडं बघायचास. भिंत संपली, कुणीच जिंकलं नाही, आणि तू तुझ्या सोंगट्या उघड्या केल्यास. बारा घरचे बारा आणि एक कोरी जास्तीची. वहिनींनी पदर तोंडाला लावला. रघू उठून उभा राहिला. म्हणाला, "मास्तर! वांगणी टाकली असतीत तर!"

मी म्हणालो, "मला लागणार होती ती."

तीन वांगण्या घोंगडीवर उताण्या पडलेल्या असताना मला चौथी कशाला लागणार होती? आणि त्यांतली एक माझ्याच पुढ्यात, माझ्याच हातानं टाकलेली. तू तिच्याकडं बघितलंस. मग माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता बोलतो.

"असंल रं," तू म्हणालास. "डाव हाय. वहिनीला चा टाकायला सांग."

बायकोला 'वहिनी' म्हणालास. एवढाच तुझा तोल गेला. त्यावर रघू पोट धरून हसला आणि तो डाव हसण्यावारी गेला.

पुढच्या रविवारी तू ती सागाची सोंगटी रघूला दिलीस आणि मागं बांबूची चकती बसवून घेतलीस. मी विचारलं, आता का? तू म्हणालास, "न बघायचा लय तरास होतो रं डोळ्यांना." माझ्याकडं न बघता म्हणालास. वर्षभर मी त्या वाक्याभोवती फिरतोय. तुला माहीत होतं का? माहीत असून तू मला पुढचे पन्नास रविवार शेजारी बसवून घेतलंस का? की तुला तुझ्याच नजरेची लाज वाटली होती? विचारायला तोंड उघडायचो आणि तू म्हणायचास, "टाक की वरणभात, बघतोस काय!"

कोकुशी तुला पुन्हा आली नाही. मग हा ताप आला आणि दहा दिवसांत सगळंच उरकलं.

परवा तुझं तेरावं. जेवणं झाल्यावर जनावहिनी आल्या. त्यांच्या कपाळाकडं मला बघवत नव्हतं, म्हणून त्यांच्या हाताकडं बघितलं. हातात चिंचोक्यांचा डबा होता.

"भावजी, ह्ये तुमचं हाय."

"माझं कसं?"

"ह्यांनी सांगून ठिवलं हुतं. डाव लागला तर मास्तरास्नी द्यायचं. न्हाई लागला तरी त्यास्नीच."

चिंचोक्यांच्या खाली एक पाकीट होतं, त्यावर सातोबानं स्वतः लिहिलेला त्याचा पत्ता, सगळा त्याच्या अक्षरांत. एक कोरा कागद, चौघडी घातलेला. आणि दोन पेन्सिली. एक लाल, एक हिरवी.

मी म्हणालो, "वहिनी, पण इंग्रजीत लिहायचं म्हणजे..."

"इंग्रजी कशाला?" त्या म्हणाल्या. "सातोबाला तरी कुठं इंग्रजी येती? दोघं नुसतं हातवारं करून बोलायचं म्हनं. ह्ये म्हनायचं, येशानं चौदा सोंगट्या नीट काडल्या की झालं पत्र. म्हातारा बघून समजंल. म्हनून तर रंगाच्या पेन्सिली आनल्या हुत्या कर्जतास्नं, कुकवाला आनि हिरवीला."

पत्र 'करायचं' म्हणाला होतास तू. 'लिव' म्हणालास ते फक्त चेष्टेत. इंग्रजी रघूच्या तोंडात होतं आणि माझ्या मनात. तुला माझ्याकडून फक्त तेच हवं होतं जे मला येत होतं.

मी हसलो, काळू. तुझ्या तेराव्याला, तुझ्याच पडवीत, चार पाहुण्यांसमोर मी खदखदून हसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबेना. रघू धावत आला, "मास्तर, काय झालं?" वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग त्याही हसल्या, का ते माहीत नसताना. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

रघू विचारेल मग सांगू, वहिनी विचारतील मग सांगू, अशी वाट मी वर्षभर बघितली. तुझ्या नियमात ते बसत नव्हतं. टाकलेलं दुसऱ्याच्या हातून परत घेता येत नाही, स्वतः ओढावं लागतं. तुझं बरोबर होतं. सातोबाला तक्रार करणार नाही. उद्या रविवार आहे. रघू आणि वहिनी दाराच्या मेजाशी बसले की हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे, तारेसकट.

पत्राचं काम चालू आहे. तुझी पेटी माझ्यापुढं उघडी आहे. कोंबड्याचा तुरा जरा जाड झाला, सातोबा समजून घेईल. तुझ्या तेरा सोंगट्या काढून झाल्या. दोन्ही कोऱ्या काढायला सगळ्यांत वेळ लागला. चौदावी त्या ओळीत बसवली तर खोटं होईल, म्हणून ती खाली वेगळी काढायची आहे, एका हातात धरलेली. तो हात माझा आहे हे ओळखू यावं म्हणून बोटांना खडू लावणार आहे.

तुला ती एक वांगणी आणि सातोबाला हे एक पत्र, एवढं मी अजून देणं लागतो.